झॅप-७०, सीडी३८, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन: सीएलएलच्या अहवालातील प्रथिनांवरून पुढचे किती सांगता येते?

रावेर तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ६७ वर्षांचे असून केळीची शेती करतात. गुडघेदुखीच्या निमित्ताने रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या आणि त्यांत ८२ टक्के लिम्फोसाइट होते. पुढे फ्लो सायटोमेट्रीवरून, म्हणजे पेशींवरची प्रथिने यंत्राने मोजणाऱ्या तपासणीवरून, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल हा रक्ताचा कर्करोग, असे निदान झाले. हिमोग्लोबिन १२.८ आहे, प्लेटलेट १ लाख ९० हजार आहेत, मानेत दोन-तीन लहान गाठी आहेत, प्लीहा हाताला लागत नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर सीडी३८ ४२ टक्के, झॅप-७० पॉझिटिव्ह आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ४.६ अशा तीन नोंदी असून तिन्हींपुढे ‘प्रतिकूल’ असा शेरा आहे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.९ आहे. जळगावच्या डॉक्टरांनी मात्र ‘आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी या’ एवढेच सांगितले. ताई विचारतात की, तिन्ही खुणा वाईट असताना थांबायचे कसे, या प्रथिनांवरून आबांचे आयुष्य किती ते कळते का, सगळ्या तपासण्या मुंबईला पुन्हा कराव्यात का, आणि आबांनी शेतात जाणे बंद करावे का.

ताई, मी गेली बावीस वर्षे धुळे-जळगाव भागात रक्तविकारांचे रुग्ण पाहतो आहे आणि तुमच्या हातात आहे तसे शेवटचे पान घेऊन आलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. ‘प्रतिकूल’ लिहिलेल्या तीन प्रथिनांपैकी एक आबांच्या आजाराइतकेच, कदाचित त्याहून अधिक, त्यांच्या मूत्रपिंडाबद्दल बोलत असावे; दुसऱ्याची तपासणीच नाजूक आहे आणि तिच्यावर मोठा निर्णय उभा करता येत नाही; तिसरे खरे असले तरी ते आजाराच्या वेगाविषयी सांगते, उपचार सुरू करण्याच्या दिवसाविषयी नाही. ज्या दोन तपासण्यांना आज सर्वांत जास्त वजन आहे, त्या तुम्ही लिहिलेल्या अहवालात नाहीतच.

हे नीट समजण्यासाठी सीएलएलचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. या आजारात बी-लिम्फोसाइट नावाच्या पेशींचा एकच वंश वाढत जातो. काही रुग्णांत तो दहा-पंधरा वर्षे जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि त्यांना कधीच औषध लागत नाही. काहींना दोन-तीन वर्षांतच उपचार घ्यावे लागतात. निदानाच्या दिवशी दोघांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसते. हा फरक आधी ओळखता यावा, या एका इच्छेतून गेल्या पन्नास वर्षांत एकामागून एक खुणा शोधल्या गेल्या.

पहिली खूण प्रथिनाची नव्हती. जोधपूरमध्ये जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्क परिसरात काम केलेले डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये या आजाराच्या पायऱ्या मांडल्या आणि फ्रान्समधील बिने यांची पद्धत १९८१ मध्ये आली. दोन्ही पद्धतींना लागते काय, तर गाठी, यकृत आणि प्लीहा चाचपणारा हात आणि साधी रक्तगणना. म्हणजे जे रावेरच्या किंवा साक्रीच्या दवाखान्यातही होऊ शकते, तेच. आबा राय पद्धतीत पहिल्या पायरीवर, म्हणजे शून्याच्या पुढच्या, आणि बिने पद्धतीत ‘ए’ गटात बसतात, कारण त्यांच्या गाठी एकाच भागात आहेत आणि हिमोग्लोबिन व प्लेटलेट उतरलेले नाहीत. मी हे मुद्दाम आधी सांगतो, कारण महागडा अहवाल हातात आला की ही साधी माहिती कुणी वाचतच नाही, आणि भाकितासाठी तिची किंमत आजही कमी झालेली नाही.

राय आणि बिने यांच्या पायऱ्यांची अडचण अशी की आता बहुतेक रुग्ण आबांसारखे योगायोगाने, सुरुवातीच्या पायरीवरच सापडतात, आणि त्या एकाच पायरीवर संथ आजारही असतो आणि वेगवान आजारही. १९९९ मध्ये या कोड्याला मोठे उत्तर मिळाले. बी-पेशी प्रतिपिंड तयार करण्यासाठी आपल्या एका जनुकभागात बदल घडवते. त्या भागाला आयजीएचव्ही म्हणतात. ज्या रुग्णांच्या पेशींत हा बदल झालेला असतो, म्हणजे मूळ रचनेशी साम्य ९८ टक्क्यांहून कमी असते, त्यांचा आजार सहसा संथ. ज्यांच्यात बदल झालेला नसतो त्यांचा सहसा वेगवान. ही गोष्ट ब्रिटन आणि अमेरिकेतील दोन गटांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे दाखवली. त्या काळी ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होई, ती वेळखाऊ होती आणि महागही. त्यामुळे तिची जागा घेऊ शकेल असे, फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर दोन तासांत मोजता येईल असे प्रथिन शोधण्याची धडपड सुरू झाली. सीडी३८ आणि झॅप-७० ही त्या धडपडीची अपत्ये आहेत, आणि त्यांचे गुण-दोष समजायचे तर ती मुळात पर्याय म्हणून आली होती हे विसरून चालत नाही.

सीडी३८ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन आहे. ज्या पेशी नुकत्याच विभाजनातून गेल्या आहेत किंवा विभाजनाच्या तयारीत आहेत, त्यांच्यावर ते अधिक दिसते. अस्थिमज्जेतील आणि गाठींतील पेशींवर ते रक्तातील पेशींपेक्षा जास्त असते. १९९९ च्या त्या अमेरिकी शोधनिबंधातच ३० टक्क्यांची रेषा सुचवली गेली होती: तीस टक्के किंवा अधिक पेशींवर सीडी३८ असेल तर आजार वेगाने पुढे जाण्याचा संभव अधिक. आबांचे ४२ टक्के या रेषेच्या वर आहे, ही गोष्ट खरी आहे आणि मी ती झाकणार नाही. पण थोड्याच वर्षांत दोन अडचणी पुढे आल्या. सुमारे तीन रुग्णांमागे एकात सीडी३८ आणि आयजीएचव्ही यांचे उत्तर परस्परविरोधी निघाले. आणि काही रुग्णांत सीडी३८ चे प्रमाण काळाबरोबर बदलले. पुढे काही संशोधकांनी २० टक्क्यांची, तर काहींनी ७ टक्क्यांची रेषा वापरली. एकाच प्रथिनासाठी तीन-तीन रेषा लागतात, याचा अर्थ निसर्गात तिथे स्पष्ट बांध नाही. बांध आपण घातलेला आहे.

तुमच्या घरी केळी आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो. बागेत लावलेले रोप ग्रँड नैनचे आहे की श्रीमंतीचे, हे लागवडीच्या दिवशीच ठरलेले असते आणि नंतर बदलत नाही. आयजीएचव्ही तसे आहे, म्हणून ते आयुष्यात एकदाच तपासले तरी पुरते. सीडी३८ म्हणजे आज झाडाला किती पाने हिरवी आहेत याची मोजणी. ती उपयोगी आहे, पण ती आजची आहे.

झॅप-७० ची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. हे प्रथिन मूळचे टी-पेशींचे आणि एनके-पेशींचे, म्हणजे लिम्फोसाइटच्या दुसऱ्या प्रकारांचे. त्यांच्या पृष्ठभागावर आलेला संदेश आत पोहोचवणे हे त्याचे काम. नावातील ७० हा आकडा त्याचे वजन ७० किलोडाल्टन असल्याचे सांगतो. २००१ च्या सुमारास जनुकांच्या हालचालींचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की आयजीएचव्ही न बदललेल्या सीएलएल पेशींत हे परके प्रथिन सापडते आणि त्यामुळे त्या पेशी बाहेरच्या संदेशांना अधिक जोराने प्रतिसाद देतात. २००३ मध्ये फ्लो सायटोमेट्रीवर २० टक्क्यांची रेषा मांडली गेली आणि काही वर्षे सगळ्या जगाला वाटले की स्वस्त पर्याय सापडला.

मग प्रयोगशाळांनी एकमेकांचे निकाल ताडून पाहिले आणि उत्साह ओसरला. सीडी३८ पेशीच्या अंगणात असते, झॅप-७० घराच्या आत. ते मोजायचे तर पेशीचे आवरण रसायनाने छिद्रित करावे लागते, मग रंगीत प्रतिपिंड आत सोडावे लागते. कोणते रसायन, कोणते प्रतिपिंड, रुग्णाच्याच टी-पेशींशी तुलना केली की ठरावीक रेषा ओढली, यावर उत्तर बदलते. शिवाय नमुना शिळा झाला की हे प्रथिन विश्वासार्ह राहत नाही. आपल्याकडे हा मुद्दा फार मोलाचा आहे. खान्देशातून बहुतेक नमुने मुंबई-पुण्याला जातात. शनिवारी दुपारी काढलेली नळी रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहिली आणि बाहेर मे महिन्याचे ४४-४५ अंश तापमान असेल, तर सोमवारी यंत्रावर जे चढते ते रुग्णाचे खरे रक्त उरलेले नसते. माझ्याच एका रुग्णाचा झॅप-७० एका ठिकाणी पॉझिटिव्ह आणि तीन आठवड्यांनी दुसरीकडे निगेटिव्ह आला होता. मधल्या काळात आजारात काहीही बदल नव्हता. त्या कुटुंबाला त्या तीन आठवड्यांत अन्न गोड लागले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी उपचाराच्या निर्णयासाठी झॅप-७० मागवणे बंद केले. आबांच्या अहवालात आकडा न देता नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले आहे. ती नोंद तुम्ही बाजूला ठेवू शकता.

फ्लो सायटोमेट्रीवर मोजता येणाऱ्या खुणांपैकी मला सर्वांत भरवशाचे वाटणारे प्रथिन तुमच्या अहवालात नाही. ते सीडी४९डी. हे चिकटण्याचे प्रथिन आहे: त्याच्या आधाराने सीएलएल पेशी गाठींच्या आणि अस्थिमज्जेच्या आतल्या पेशींना धरून बसते, आणि तिथे तिला जगण्याचे व वाढण्याचे इशारे मिळतात. म्हणजे सीडी४९डी आजाराच्या यंत्रणेतच सामील आहे, दुसऱ्या कुणाची सावली म्हणून मोजले जात नाही. ते पृष्ठभागावर असल्याने मोजायला सोपे आहे आणि ३० टक्क्यांची रेषा बऱ्यापैकी सर्वमान्य आहे. २०१४ मध्ये जवळजवळ तीन हजार रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात फ्लो सायटोमेट्रीच्या खुणांमध्ये सीडी४९डी ने सीडी३८ आणि झॅप-७० या दोघांना मागे टाकले. ज्यांच्या पेशींत बारावे गुणसूत्र जास्तीचे असते, त्या रुग्णांत ते बहुधा वरच असते. इब्रुटिनिब हे सीएलएलचे औषध घेणाऱ्या रुग्णांतही सीडी४९डी जास्त असल्यास आजार लवकर परतण्याकडे कल दिसला आहे. पुढे कधी फ्लो सायटोमेट्री पुन्हा करायची वेळ आली, तर हे प्रथिन त्यात घ्यायला सांगा. केवळ त्यासाठी वेगळी तपासणी करू नका.

आता बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आबांच्या बाबतीत सगळी गुंतागुंत या एका प्रथिनात आहे.

हे लहानसे प्रथिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि तिथून सुटून रक्तात येते. सीएलएल पेशींची संख्या जितकी अधिक आणि त्यांची उलाढाल जितकी जलद, तितके ते रक्तात अधिक. म्हणून ते आजाराच्या एकूण भाराचे चांगले माप आहे, साध्या रक्ताच्या नळीत मोजता येते आणि नमुन्याच्या प्रवासाने फारसे बिघडत नाही. ते रक्तातून बाहेर मात्र एकाच वाटेने जाते, मूत्रपिंडातून: गाळणीतून गळते आणि पुढे नलिकांत शोषले जाऊन तिथेच मोडले जाते. गाळणी मंदावली की रक्तातील पातळी चढते, मग सीएलएल असो वा नसो. आबांचे क्रिएटिनिन १.९ आहे. ६७ वर्षांच्या माणसात याचा अर्थ गाळण्याची क्षमता निम्म्याहूनही खाली आलेली आहे. अशा वेळी ४.६ या आकड्यात आजाराचा वाटा किती आणि मूत्रपिंडाचा किती, हे तो आकडा स्वतः सांगू शकत नाही. २००९ मध्ये एका संशोधक गटाने हेच दाखवले होते, की मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार दुरुस्त केलेली बीटा-२ ची पातळी मूळ पातळीपेक्षा चांगले भाकीत करते. दुर्दैवाने रोजच्या अहवालात अशी दुरुस्ती कुणी करत नाही.

याचा परिणाम किती होतो ते आबांच्याच आकड्यांवर करून दाखवतो. सध्या जगभर वापरली जाणारी सीएलएल-आयपीआय ही गुणपद्धती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोप-अमेरिकेतील आठ मोठ्या चाचण्यांतील ३,४७२ रुग्णांच्या माहितीवर ती उभी आहे आणि तीत पाच गोष्टी मोजतात. टीपी५३ जनुकात बिघाड असल्यास ४ गुण, आयजीएचव्ही न बदललेले असल्यास २, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असल्यास २, राय पद्धतीत शून्याच्या वरची पायरी असल्यास १ आणि वय ६५ च्या वर असल्यास १. एवढ्या सगळ्या प्रथिनांतून या यादीत थेट मोजलेले प्रथिन एकच टिकले, ते बीटा-२. सीडी३८ आणि झॅप-७० यांना तिथे जागा मिळाली नाही. एकूण ० किंवा १ गुण म्हणजे कमी जोखीम, २-३ मध्यम, ४ ते ६ जास्त, ७ ते १० अतिजास्त. आबांना वयाचा १ आणि पायरीचा १ मिळून २ गुण नक्की आहेत, म्हणजे मध्यम जोखीम. बीटा-२ चे २ गुण धरले की ते ४ होतात आणि आबा एका रेषेत ‘जास्त जोखीम’ गटात जाऊन बसतात. मूळ अभ्यासात मध्यम गटातील सुमारे ७९ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, जास्त जोखमीच्या गटातील सुमारे ६३ टक्के. एवढी मोठी झेप आबांच्या बाबतीत कदाचित गुडघ्याच्या गोळ्यांनी दमलेल्या मूत्रपिंडामुळे दिसत असेल.

म्हणून सर्वांत आधी मूत्रपिंडाकडे पाहा. तुम्ही गुडघेदुखीचा उल्लेख केला आहे. आबा कोणत्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस घेत आहेत, ते पाकिटांसह डॉक्टरांना दाखवा. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, उन्हात दिवसभर काम आणि कमी पाणी, हा मेळ आपल्या भागात मूत्रपिंडाला फार नडतो. मधुमेह, रक्तदाब आणि या वयात प्रोस्टेटमुळे लघवी तुंबते का, हेही पाहावे लागेल. साध्या सोनोग्राफीने बरेच कळते. कारण दूर करून सहा-आठ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि बीटा-२ दोन्ही एकाच दिवशी पुन्हा करा. तेव्हा जो आकडा येईल, त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. यात आणखी एक फायदा आहे: पुढे सीएलएलसाठी व्हेनेटोक्लॅक्ससारखे औषध द्यायचे झाले तर अशक्त मूत्रपिंड ही मोठी अडचण ठरते, तेव्हा आज त्याची घेतलेली काळजी वाया जाणार नाही.

याच तपासणीत एकक पाहण्याची सवय ठेवा. काही प्रयोगशाळा हे प्रथिन मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. शिरपूरकडचे एक गृहस्थ ‘२४००’ हा आकडा पाहून रात्रीच्या गाडीने माझ्याकडे आले होते. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, “डाक्टर, मन्हा हातमा आते कितला दिन शेतस?” ते २४०० नॅनोग्रॅम होते, म्हणजे २.४ मिलिग्रॅम, रेषेच्या खाली. त्यांना मी कागदावर हजाराने भागून दाखवले.

एलडीएच या प्रथिनाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ते स्वस्त आहे आणि सर्वत्र होते. निदानाच्या दिवशी त्याचे महत्त्व मर्यादित आहे. पण पुढे कधी एलडीएच अचानक चढले, एखादी गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, ताप येऊ लागला, तर सीएलएलचे वेगवान लिम्फोमात रूपांतर होत आहे का हे पाहावेच लागते. अशा वेळी पेट स्कॅन आणि त्या गाठीची बायोप्सी लागते. थायमिडिन कायनेज, रक्तात विरघळलेला सीडी२३ वगैरे आणखी प्रथिने संशोधनात चांगली ठरली आहेत, पण रोजच्या कामात त्यांची गरज पडत नाही.

आता त्या दोन तपासण्या, ज्या तुमच्या अहवालात नाहीत. एक आयजीएचव्ही, जी वर आली. दुसरी टीपी५३. पी५३ हे पेशीचे राखणदार प्रथिन आहे. पेशीच्या जनुकांना इजा झाली की ते तिला थांबवते किंवा मरायला लावते. केमोथेरपी याच वाटेने काम करते. राखणदारच नसेल तर केमोथेरपी पेशीला मारू शकत नाही. हा बिघाड दोन प्रकारे होतो: सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळतो, जे गुणसूत्रांचे भाग रंगवून पाहणाऱ्या फिश तपासणीत दिसते, किंवा जनुकाच्या अक्षरांत चूक होते, जी फिशमध्ये दिसत नाही आणि अक्षरे वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगनेच सापडते. म्हणून दोन्ही कराव्या लागतात. २००० सालच्या जर्मन अभ्यासात हा तुकडा गळलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य, म्हणजे ज्याहून निम्मे रुग्ण अधिक जगले तो काळ, ३२ महिने होते, आणि तेराव्या गुणसूत्राचा तुकडा एकटाच गळलेल्यांचे १३३ महिने. ते आकडे बीटीके रोधक (इब्रुटिनिबसारखी औषधे) आणि व्हेनेटोक्लॅक्स येण्याआधीच्या काळातले आहेत. आज ते कुणालाही लावू नयेत. फरकाची दिशा मात्र अजून तीच आहे. सीएलएलवरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत उपचाराआधी या दोन तपासण्यांचाच आग्रह आहे. टीपी५३ चा बिघाड नंतरही उगवू शकतो, म्हणून तो प्रत्येक नव्या उपचाराआधी पुन्हा पाहावा लागतो.

इथेच मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भेद सांगतो. काही खुणा भाकीत करतात, काही खुणा औषध निवडतात. टीपी५३ आणि आयजीएचव्ही ही दोन्ही कामे करतात: आयजीएचव्ही बदललेल्या तरुण, सशक्त रुग्णांत एफसीआर या केमोथेरपीने निम्म्याहून अधिक जणांत बारा वर्षांनंतरही आजार परतलेला नाही, तर न बदललेल्यांत आणि टीपी५३ बिघडलेल्यांत केमोथेरपी टाळून इब्रुटिनिब, अकालाब्रुटिनिब, झानुब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स यांच्याकडे वळावे लागते. सीडी३८ कितीही असो, औषध बदलत नाही. बीटा-२ कितीही असो, औषध बदलत नाही. ज्या तपासणीच्या उत्तराने माझे पुढचे पाऊल बदलत नाही, तिच्यासाठी रुग्णाच्या घरचे पैसे खर्च करायला मी तयार होत नाही.

मग थांबायचे का? हा तर्क इतरांनाही सुचला होता: खुणा वाईट असतील तर लक्षणे येण्याआधीच औषध द्यावे. जर्मन गटाने तसे करून पाहिले, आधी एफसीआर देऊन आणि नंतर इब्रुटिनिब देऊन, तेही जास्त जोखमीच्या पण लक्षणे नसलेल्या रुग्णांना. आजार पुढे सरकणे लांबले, पण थांबलेल्या रुग्णांच्या तुलनेत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, आणि औषधांचे त्रास मात्र आधीच सुरू झाले. म्हणून उपचार सुरू करण्याची कारणे आजही शरीरातच शोधली जातात: हिमोग्लोबिन १० च्या खाली येणे, प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणे, प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटर किंवा अधिक वाढणे, दहा सेंटिमीटरच्या गाठी, सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइट दुप्पट होणे, संसर्गाशिवाय ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणे. आबांत यांपैकी काहीही नाही. पांढऱ्या पेशींचा नुसता आकडा, तो एक लाखावर गेला तरी, एकटा कारण होत नाही.

पण थांबणे म्हणजे विसरणे नव्हे, आणि मी तुम्हाला खोटा धीरही देणार नाही. लक्षणे नसलेल्या सुरुवातीच्या रुग्णांसाठी २०२० मध्ये एक सोपी पद्धत आली. लिम्फोसाइट १५,००० च्या वर, हाताला लागणारी गाठ आणि न बदललेले आयजीएचव्ही, प्रत्येकी एक गुण. एकही गुण नसेल तर पाच वर्षांत उपचार लागण्याचा संभव सुमारे ८ टक्के, एक असेल तर २८, दोन किंवा तीन असतील तर ६१. आबांचे लिम्फोसाइट सुमारे ३१,००० आहेत आणि गाठी लागतात, म्हणजे आयजीएचव्ही न पाहताच दोन गुण झाले. अशा शंभर जणांपैकी साठ-एक जणांना पाच वर्षांत उपचार लागतात आणि चाळीसच्या आसपास जणांना लागत नाहीत. आबा कोणत्या बाजूला असतील, हे कोणतेही प्रथिन आज सांगू शकत नाही, आणि आयुष्याची तारीख तर नाहीच नाही. हे सगळे आकडे समूहाचे आहेत.

मुंबईला सगळे पुन्हा करण्याची गरज नाही. पैसे जुळत असतील तर आयजीएचव्ही आत्ता करून ठेवा, ते एकदाच लागते. फिश आणि टीपी५३ सिक्वेन्सिंग आज केले तरी उपचाराच्या वेळी पुन्हा करावे लागेल, म्हणून हात आखडता असेल तर ते तेव्हासाठी राखून ठेवा. सरकारी योजनेत यांतले काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा. नमुना सोमवार ते बुधवारच्या दरम्यान, सकाळी द्या. सिक्वेन्सिंगसाठी जांभळ्या टोपणाची नळी आणि फिशसाठी हिरव्या टोपणाची. नळ्या बर्फाला थेट टेकवू नका आणि उन्हातही ठेवू नका. खोलीच्या तापमानाची पेटी पुरते.

घरी एक वही करा. दर तीन महिन्यांनी तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, लिम्फोसाइटचा आकडा, क्रिएटिनिन आणि वजन एकाच ओळीत लिहा. टक्केवारी नको, प्रत्यक्ष आकडा हवा. तीन-चार ओळी झाल्या की आबांच्या आजाराचा वेग सीडी३८ पेक्षा स्पष्ट दिसू लागेल. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर घ्या. जिवंत जंतूंच्या लसी मात्र टाळा.

आबांनी शेतात जायला काहीच हरकत नाही. केळीच्या कांदेबागेच्या लागवडीत ते असू द्या. पाण्याची बाटली, डोक्याला उपरणे आणि हातापायाला जखम झाली तर ती त्याच दिवशी धुऊन झाकणे एवढे पाळा. १०० च्या वर ताप दोन दिवस राहिला, गाठ भराभर वाढली किंवा चालताना दम लागू लागला, तर तीन महिन्यांची तारीख यायची वाट न पाहता वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.